अकराव्या पडद्याजवळचा डाग

३ ऑक्टोबर

गिटार आणली. पोलीस बझारच्या दुकानातली सगळ्यात स्वस्त इलेक्ट्रिक. घाट थेट पापांच्या गिटारीचा, पण पडदे ज्या लांब पट्टीवर बसवलेले असतात ती पट्टी बिस्किटाच्या रंगाची. पापांची काळीभोर होती. दुकानदार मला मोठी बहीण करून म्हणाला, "काँग, रंगाने आवाज बदलतो होय?" नाही बदलत, मला ठाऊक आहे. मी शाळेत विज्ञान शिकवते. तरीही त्या पट्टीवर माझी बोटं पुढे सरकत नाहीत.

मेइ दारात बसून सुपारी कातरत होती. गिटारीकडे बघून म्हणाली, "ही कसली फळी आणलीस?"

"तू जी देऊन टाकलीस, तिच्या जागी."

बोलायला नको होतं, पण निघून गेलं तोंडातून. मेइने बोटाने पानाला चुना फासला, क्वाइचा विडा गालात सरकवला आणि भाताकडे बघायला गेली. पापांना जाऊन वर्ष होत आलं, आई-लेकीचं बोलणं हे असं. मी टोचते, ती क्वाइ चघळते.

वीस नोव्हेंबरला वर्ष भरेल. पापांच्या बँडमधले बाह वेलबोर्न ड्रम वाजवायचे. त्यांनी आमच्या जायाव मोहल्ल्याचा हॉल घेतलाय. सगळी जुनी मंडळी वाजवणार, आणि मी पापांची 'ती' धून वाजवायची. मी हो म्हटलं. का म्हटलं ते देवाला ठाऊक. मला घरापुरती गिटार येते, आणि त्या धुनेचा शेवट तर येतच नाही.

५ ऑक्टोबर

धुनेची एकच कॅसेट आहे, मी सहा वर्षांची असताना घरीच भरलेली. आज चारदा ऐकली. धून हळूहळू वर चढते, शेवटाशी येऊन थबकते, मग पापांचा आवाज येतो, "ये इकडे." आणि खटका. पुढे नुसती खरखर.

ती हाक मला होती. मी सारखी त्यांच्या गुडघ्याशी घुटमळायचे. बत्तीस वर्षं मी ती हाक जपून ठेवली आहे, कुणाला सांगितलेली नाही. इथे लिहिताना सुद्धा लाज वाटते.

पण हाक मारल्यावर मी गेले तेव्हा त्यांनी काय वाजवलं? काही केल्या आठवत नाही. बाह वेलबोर्नना फोन केला. ते म्हणाले, "पोरी, ती धून त्याने स्टेजवर कधी वाजवलीच नाही. आम्ही तुमच्याकडे जमायचो तेव्हा आतल्या खोलीतून कानावर यायची. शेवट तूच शोध."

शोध म्हणे. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं यांचं.

९ ऑक्टोबर

मावखारला बाह डोनबोकच्या दुकानात गेले. गिटारी दुरुस्त करणारा, माझ्याच वयाचा, दात क्वाइने लालबुंद. त्याने गिटार उलटी-पालटी केली, तारेवर अंगठा मारला आणि चेहरा असा केला की जणू आंबलेला भात खाल्ला.

"नवरदेव यथातथाच आहे, काँग. पण कोट चांगला शिवू, वरातीत खपून जाईल."

कोट असा: तारांच्या खालचे आवाज उचलणारे दोन्ही पिकअप बदलायचे. वरच्या टोकाला तारांखाली प्लास्टिकची चीप आहे, तिच्या जागी हाडाची बसवायची. हाड मी आणायचं. आणि पट्टी काळी करायचं काम घरी मलाच करता येईल म्हणाला. भांडी घासायची तारेची जाळी व्हिनेगरमध्ये आठ दिवस भिजत घालायची. पट्टी घासून तिला कडक लाल चहा पाजायचा, वाळला की वरून ते गंजाचं पाणी. चहा आणि लोखंड भेटले की काळं.

"तेल मात्र सगळ्यात शेवटी," तो म्हणाला. "रंग नीट बसला, पंधरा दिवस टिकला की मग. तेल एकदा प्यायलं की लाकूड पुन्हा काही ऐकत नाही."

११ ऑक्टोबर

बाजारातून गुराचं नळीचं हाड आणलं. मेइने ते उकळलं. म्हणाली, "हाड गिटारीला, रस्सा मला. वाटणी बरी आहे." खूप दिवसांनी थट्टा केली तिने. मी हसले नाही. आता वाटतं हसायला हवं होतं.

१२ ऑक्टोबर

हे एकदा लिहून टाकते, म्हणजे डोक्यातून जाईल.

पापा गेल्यावर महिन्याभराने न्याखा आली. पापांची थोरली बहीण, न्याखा बिसिबोन. चहा झाला, क्वाइ झाली, मग म्हणाली, "भावाची गिटार न्यायला आलेय." आम्हा खासी लोकांत पुरुषाची लग्नाआधीची कमाई त्याच्या आई-बहिणींची, लग्नानंतरची बायकोपोरांची. पापांनी ती गिटार लग्नाच्या दोन वर्षं आधी कलकत्त्याहून आणली होती. रीतीने बघितलं तर न्याखाचं काही चुकलं नाही.

पण मेइने चकार शब्द काढला नाही. एकदा तरी म्हणायचं, 'राहू दे, पोरगी वाजवते.' तिने आपल्या नेसायच्या चांगल्या जाइनसेममध्ये गिटार गुंडाळली आणि वाटी द्यावी तशी देऊन टाकली. लेकीसाठी नाही तर नाही, चाळीस वर्षांच्या संसारासाठी तरी काही वाटायला हवं! त्या दिवशी मी तिला म्हटलं, "तुला काय कळतं गिटारीतलं?" ती म्हणाली, "काही नाही."

१८ ऑक्टोबर

पट्टी काळी झाली! तारा काढल्या, घासून कोरी केली, पडद्यांवर चिकटपट्टी लावली, लाल चहाचे तीन हात दिले. मग गंजाचं पाणी. डोळ्यांदेखत बिस्किटाचा कोळसा झाला. मी एकटीच टाळ्या वाजवल्या. मेइ डोकावून गेली. बराच वेळ बघत उभी होती. "त्याच्या गिटारीसारखी दिसते," एवढंच म्हणाली.

२१ ऑक्टोबर

बाह डोनबोकने पिकअप आणि हाडाची चीप बसवली, तारा चढवल्या. आता गिटार भिंतीशी स्टँडवर उभी आहे. कोट खरंच बरा बसलाय. शेवट मात्र सापडत नाही. जो सूर लावते तो अर्धवट वाटतो, पाहुणा दारातच उभा राहिल्यासारखा.

२४ ऑक्टोबर

पट्टीवर डाग! अकराव्या पडद्याजवळ, अगदी कडेला, सगळ्यात बारीक तारेखाली. मसुराएवढा, विटकरी. बाकी सगळी पट्टी कोळशासारखी आणि तेवढ्याच जागी विटकरी. चहा कमी पडला असेल? मी तर तिथे कधी बोटही ठेवत नाही, धुनेत अकरावा पडदा येतच नाही.

२७ ऑक्टोबर

आठवीला आज आम्ल आणि अल्क. हळदीच्या कागदावर चुन्याची निवळी टाकली की लाल. पोरींनी कागद संपवले.

घरी आले तर भात करपलेला. मेइच्या हातून भात करपणं म्हणजे नवलच. विचारलं तर म्हणाली, "लक्ष नव्हतं." लक्ष कुठे होतं? आणि गिटार मी भिंतीकडे तोंड करून ठेवली होती, ती खोलीकडे तोंड करून होती. की मीच तशी ठेवली होती? माझं मलाच कळेनासं झालंय.

१ नोव्हेंबर

तारा काढून तेवढीच जागा घासली, पुन्हा चहा, पुन्हा गंजाचं पाणी. काळी झाली. तारा चढवल्या. बघू आता.

पुन्हा भात करपला, आठवड्यात दुसऱ्यांदा. मेइला त्रेसष्ट पूर्ण झालीत. विसरायचं वय आहे का हे? शाळेतल्या एका बाईंच्या आईचं असंच सुरू झालं होतं, आधी भात, मग दिवस-वार, मग माणसं. डॉक्टरांकडे न्यायला हवं. तिला विचारलं, "आज वार कोणता?" तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू डॉक्टरची गरज मलाच आहे.

४ नोव्हेंबर

डाग परत आला. त्याच जागी, तेवढाच.

६ नोव्हेंबर

लाकडातच काही खोड असेल असं वाटून न्याखाकडे गेले. पापांची पट्टी एकदा शेजारी ठेवून बघावी म्हणून. न्याखाने पेटी उघडली. गिटार अजून मेइच्या जाइनसेममध्येच गुंडाळलेली होती. मला वाटलं होतं भाचे-पुतणे वाजवत असतील. कुणी हात लावलेला नाही.

आणि डाग तिथेही! अकरावा पडदा, बारीक तार, कडेला. जुना, फिका, पण तोच.

"हा होय," न्याखा म्हणाली. "घासून घासून थकले मी. चुन्याचा दिसतो. कुणाचा ते विचारू नकोस, माझा भाऊ तर क्वाइला शिवायचा नाही."

ते खरं. खासी असून क्वाइ न खाणारा माणूस म्हणून सगळे त्यांची टर उडवायचे. माणूस गेला की आम्ही म्हणतो, देवाघरी क्वाइ खायला गेला. पापांच्या वेळी बाह वेलबोर्न रडता रडता म्हणाले होते, "तो काय करणार रे तिकडे?"

दोन गिटारी, दोन लाकडं, मध्ये चाळीस वर्षं, आणि डाग एकाच जागी. मी विज्ञान शिकवते. भूत वगैरे लिहिणार नाही. पण लिहू तरी काय?

निघताना न्याखाने माझा हात धरला. "तुझी आई बरी आहे ना? त्या दिवशी गिटार देताना तिचा हात सुटत नव्हता."

मला तर तसं काही दिसलं नव्हतं.

७ नोव्हेंबर

बाह डोनबोकने डागाला बोट लावून चाखलं. चक्क चाखलं! "चुना," तो म्हणाला. "क्वाइ खाणाऱ्या माणसाचं बोट. गंजाचा काळा रंग चुन्यापुढे टिकत नाही. हे तर तुम्हीच शिकवता ना?"

कान तापले माझे. हळदीचा कागद आठवला. मी म्हटलं, "आमच्याकडे गिटारीला मीच हात लावते, आणि मी दाताच्या डॉक्टरने सांगितल्यापासून क्वाइ सोडलीय. क्वाइ तुम्ही खाता. तारा तुम्ही चढवल्या."

तो भडकला. "पहिल्यांदा चढवल्या मी. दुसऱ्यांदा कुणी?"

मीच.

"काँग, काखेत कळसा आणि गावाला वळसा," तो म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. याचा काय संबंध? शिवाय मेइ गिटारीला हात लावत नाही, तिला त्यातलं काही कळत नाही. ती स्वतःच म्हणाली होती.

१० नोव्हेंबर

दहा दिवस उरले. शेवट नाही. वेलबोर्नना सांगून टाकावं, जमणार नाही. कॅसेट आणखी किती ऐकू? 'ये इकडे' आता शब्द राहिलेच नाहीत, नुसता आवाज झालाय.

१२ नोव्हेंबर

शांतपणे लिहायचा प्रयत्न करते.

शाळा मधल्या सुट्टीतच सुटली. घराच्या पायऱ्या चढताना आतून एक सूर ऐकू आला. एकच. टिंग. थोडा वेळ काही नाही. पुन्हा टिंग. खिडकीतून बघितलं. मेइ वेताच्या बुटक्या मुढ्यावर बसली होती, गिटार मांडीवर आडवी, तान्हं मूल घेतात तशी. डाव्या हाताचं एक बोट कडेला, अकराव्या पडद्याजवळ. उजव्या अंगठ्याने ती तेवढीच तार छेडायची आणि सूर विरेपर्यंत थांबायची. मग पुन्हा. चुलीवर भात करपत होता.

मी आत गेले. ती दचकली नाही. म्हणाली, "भात लागला वाटतं."

"मेइ, हे काय?"

"तू शाळेत असतेस तेव्हा जरा. बोट पुसते मी, पण चुना जात नाही मेला."

"तुला तर काही कळत नाही ना गिटारीतलं?"

"नाहीच कळत. एवढं एकच येतं."

मग तिने सांगितलं. सांगितलं म्हणजे काय, भाताचं पातेलं उतरवता उतरवता, पाठमोरी. पापांची करंगळी तरुणपणी फुटबॉल खेळताना मोडली होती, वाकडीच राहिली. ती धून त्यांनी लग्नानंतर बांधली, आणि शेवटचा सूर असा निघाला की बाकीची बोटं खालच्या पडद्यांवर धरली तर करंगळी तिथवर पोचेना. "धड बोटांचा माणूस सुद्धा पोचणार नाही, एवढं लांब. मी म्हटलं, मग बदल की तो सूर. तर म्हणाला, बदलू कशाला, तू आहेस ना. शेवटाशी आला की हाक मारायचा. मी असेन तिथून यायचे, एक बोट ठेवायचे, परत जायचे. कधी हाताला पीठ, कधी चुना. कुरकुर करायचा, गिटार खराब केलीस म्हणून. पण हाक मारायचा."

"काय हाक मारायचे?" मी विचारलं. मला ठाऊक होतं, तरी विचारलं.

"काय मारणार? ये इकडे."

म्हणजे ती मला नव्हतीच. बत्तीस वर्षं मी दुसऱ्याची हाक उशाशी घेऊन झोपले. आधी रडू आलं, मग मेइचाच राग आला, मग स्वतःची इतकी लाज वाटली की मी पातेलं घासायला घेतलं. मेइला यातलं काही सांगितलं नाही.

घासता घासता विचारलं, "मग दिलीस कशाला ती?"

"तिची होती. भाऊ गेलेली बाई दारात येऊन मागते, तिच्याशी काय भांडू? आणि ठेवून तरी काय करणार होते, एका बोटाने?"

पातेल्याचा करपलेला तळ मी पुन्हा घासायला घेतला.

१३ नोव्हेंबर

आज बसलो. मी खालची बोटं धरली, मेइने वरून बोट ठेवलं, मी तार छेडली. पाहुणा घरात आला. मी सहा वर्षांची असताना हा सूर ऐकला होता, लगेच ओळखला. मेइ पटकन बोट काढून म्हणाली, "झालं," आणि चूल फुंकायला गेली.

१५ नोव्हेंबर

हॉलमध्ये यायला ती तयार नाही. म्हणजे ऐकायला येणार, पण स्टेजवर नाही. "एवढ्या लोकांसमोर एक बोट दाखवायला जाऊ? लोक म्हणतील, म्हातारीला वेड लागलं." मी विनवलं, रुसले, पुन्हा विनवलं. नाही म्हणजे नाही. बाह वेलबोर्न म्हणाले, मग कॅसेट थांबते तिथेच थांब. डाग मात्र मी घासलेला नाही.

२० नोव्हेंबर

हॉल भरला होता. मेइ तिसऱ्या रांगेत, न्याखाच्या शेजारी, गालात क्वाइ. अंगावर तीच जाइनसेम. न्याखाने सकाळी आणून दिली होती, गिटार ठेवून घेतली आणि कापड परत केलं.

मी वाजवत गेले. दोनदा चुकले, वेलबोर्नांनी झांजेवर नुसता ब्रश फिरवत सांभाळून घेतलं. शेवट आला. बोटं खाली धरली आणि थांबले. ठरल्याप्रमाणे इथेच संपवायचं होतं, मान लववून उठायचं होतं. मला उठवेना. हॉलमध्ये कुणी खोकलं. वेलबोर्नांचा ब्रशही थांबला.

मी माईकजवळ नव्हते. तरी सगळ्यांना ऐकू गेलं असावं.

"ये इकडे," मी म्हटलं.

मेइ हलली नाही. माझ्या बोटांना रग लागली. मग न्याखाने तिला कोपराने ढोसलं. "जा की. तुलाच आहे हाक."

मेइ उठली. लोक पाय आवरून वाट देत होते. पायऱ्या चढताना ती एकदा थबकली, बोट जाइनसेमला पुसलं, आली, माझ्या खांद्यावरून वाकली आणि बोट ठेवलं. तिच्या तोंडाला क्वाइचा वास येत होता. मी तार छेडली.

सूर विरेपर्यंत तिने बोट उचललं नाही. मी वर बघितलं तर ती रडत होती आणि चघळतही होती. माझ्या कानात म्हणाली, "खराब केली बघ तुझी गिटार."

२१ नोव्हेंबर

बाह डोनबोक विचारत होता, पुन्हा चहा आणि गंजाचं पाणी द्यायचं का, कालचा डाग चांगलाच उठलाय. नको म्हटलं.

आज तेल लावलं. डागावरूनच.